घास आणि घर

वाराणसीच्या रस्त्यावर वाढलेली ‘जया’ नावाची एक कुत्री २०२३ साली रीतसर पारपत्र घेऊन नेदरलँड्सला गेली, तेव्हा अनेक वृत्तपत्रांनी तिचे छायाचित्र छापले. भारत पाहावयास आलेल्या एका डच महिलेच्या मागे ही कुत्री फिरू लागली होती. तिला दत्तक घ्यावे, असे त्या महिलेच्या मनात प्रथम नव्हते. रस्त्यावरून हलवून तिची कोठे तरी सोय लावावी, एवढाच तिचा हेतू होता. पुढे जीव जडला आणि कागदपत्रांची पूर्तता होईपर्यंत सुमारे सहा महिने थांबणे तिने पत्करले. अशा बातमीवर आपल्याकडे दोन उद्गार ठरलेले असतात. ‘कुत्रीने नशीब काढले’ हा एक, आणि ‘येथे माणसांना व्हिसा मिळत नाही, तेथे कुत्र्यांना मिळतो’ हा दुसरा. दोन्ही उद्गार स्वाभाविक आहेत. परंतु दोहोंचेही लक्ष विमानाकडे असते. त्या सहा महिन्यांकडे कोणाचेच नसते. वास्तविक या हकिकतीतून शिकण्यासारखे जे काही आहे, ते त्या सहा महिन्यांत आहे.

अशी उदाहरणे जगात इतरत्रही घडली आहेत. २०१४ साली इक्वेडोरच्या अरण्यातून साहस-शर्यत करणाऱ्या एका स्वीडिश चमूच्या नायकाने वाटेत दिसलेल्या एका जखमी, चिखलाने माखलेल्या कुत्र्याला आपल्या डब्यातील मांसाचा गोळा दिला. त्या एका घासावर ते कुत्रे चमूच्या मागे निघाले. डोंगर चढले, चिखल तुडवला आणि नावा पाण्यात लोटल्या तेव्हा त्याने पाण्यात उडी घेतली. शर्यतीतील स्थान गमावण्याचा धोका पत्करून त्याला नावेत घेण्यात आले. ‘आर्थर’ हे नाव त्याला तेथेच मिळाले. परंतु गोष्ट तेथे संपली नाही. पशुवैद्याची तपासणी, स्वीडनच्या कृषी खात्याची परवानगी आणि स्वदेशी पोहोचल्यावर सुमारे चार महिन्यांचे विलगीकरण, एवढे सोपस्कार पार पडल्यावरच आर्थर घरात आला. घास देण्यास एक क्षण पुरला. घर देण्यास अनेक महिने लागले.

याच्या उलट दिशेचा प्रवास भारतीयांनी २०२२ साली पाहिला. त्या वर्षी २४ फेब्रुवारीस युक्रेनवर रशियाचे आक्रमण झाले आणि तेथे वैद्यकीय व अभियांत्रिकी शिक्षण घेणारे हजारो भारतीय विद्यार्थी अडकले. महाराष्ट्रातीलही अनेक त्यांत होते. ‘ऑपरेशन गंगा’ या मोहिमेतून त्यांना मायदेशी आणण्यात आले. खार्किव्हमध्ये शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने आपल्या कुत्र्यावाचून निघण्यास नकार दिला, तर केरळच्या एका विद्यार्थिनीने आपले पिलू उचलून सरहद्दीपर्यंतची वाट तुडवली. अशा विद्यार्थ्यांसाठी केंद्र शासनाने प्राणी आयातीचे नियम एकवार शिथिल केले. युद्धाच्या धुमाळीत कुत्र्याची चिंता कसली, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. त्या तरुणांचे उत्तर साधे होते. आपण ज्याला घरात घेतले, त्याला संकट आले म्हणून दारात सोडून जाता येत नाही. हे उत्तर नवे नाही. महाप्रस्थानाच्या वाटेवर, स्वर्गाच्या दारात उभ्या असलेल्या युधिष्ठिराने इंद्राला नेमके हेच सांगितले होते.

फलाटावरून विमानतळाकडे

परदेशी जाणाऱ्या कुत्र्याच्या मार्गात काय काय असते, हे एकदा तपशिलाने पाहण्यासारखे आहे. त्यासाठी वाराणसीपर्यंत जाण्याचे कारण नाही. मुंबई–भुसावळ लोहमार्गावरील चाळीसगाव हे जंक्शन घ्यावे. येथून धुळ्याकडे फाटा फुटतो. गाड्यांची येजा, उतारूंचे शिळेपाके आणि छपराखालची सावली, एवढ्या भांडवलावर कोणत्याही जंक्शनावर कुत्री संसार मांडतात, तशी ती येथेही मांडतात. समजा, यांतील एखादे पिलू युरोपातील एखाद्या कुटुंबाने पदरी घेण्याचे ठरविले. तर पुढे काय?

प्रथम त्या पिलाच्या मानेच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवावी लागेल. तिच्यात पंधरा अंकी क्रमांक असतो आणि तो क्रमांक त्याला जन्मभर चिकटतो. त्यानंतर रेबीज-प्रतिबंधक लस. ती चिपेच्या आधी टोचलेली चालत नाही आणि पिलू बारा आठवड्यांचे होण्यापूर्वी टोचलेलीही चालत नाही. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना घेऊन तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावयाचा. रक्तातील प्रतिपिंडांचे प्रमाण मिलिलिटरमागे किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरले पाहिजे. ते भरले तरी रक्त घेतल्या दिवसापासून तीन महिने थांबावयाचे. कारण दंश आधीच झाला असेल तर रोग त्या मुदतीत प्रकट व्हावा. मग केंद्र शासनाच्या पशु-संगरोध व प्रमाणन सेवेच्या मुंबई येथील कार्यालयाचे आरोग्य प्रमाणपत्र. मुंबईपर्यंत नेण्याचेही नियम आहेत. शयनयानात कुत्र्याला मज्जाव आहे. पहिल्या वर्गाचा स्वतंत्र कूपे राखून ठेवावा लागतो, अथवा गार्डाच्या डब्यातील पेटीत त्याची नोंद करावी लागते. एवढे झाल्यावर विमान.

प्रत्येक देशाचा कायदा निराळा. ब्रिटनचे नियम सामान्यतः याच धर्तीचे आहेत. अमेरिकेने २०२१ साली भारतासह शंभराहून अधिक देशांतील कुत्र्यांचा प्रवेश तात्पुरता थांबविला होता. ऑगस्ट २०२४ पासून तेथे सहा महिन्यांखालील पिलाला प्रवेश नाही. रेबीजमुक्त ऑस्ट्रेलियात तर भारतातून थेट कुत्रे नेताच येत नाही. हे सारे नियम जाचक वाटले, तरी त्यांमागे क्रूरता नाही. ज्या रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो, त्या रोगाचे भय आहे.

आता हिशेब करावा. बारा आठवडे, त्यावर तीस दिवस, त्यावर तीन महिने. युरोपात पाऊल ठेवताना चाळीसगावचे ते पिलू किमान सात महिन्यांचे झालेले असेल. येथे एक अगदी साधा प्रश्न उभा राहतो, आणि तोच साऱ्या विषयाचा गाभा आहे. हे सात महिने ते पिलू राहणार कोठे? फलाटावर राहिले, तर लस टोचूनही ते गाडीखाली सापडेल, अथवा रक्ततपासणीच्या दिवशी हाती लागणार नाही. त्याला गावातच कोणाच्या तरी ओसरीवर, कोणाच्या तरी जबाबदारीवर राहावे लागेल. वेळच्या वेळी त्याला दवाखान्यात नेणारे कोणी तरी लागेल, आणि त्याची कागदपत्रे जपणारेही कोणी तरी लागेल. म्हणजे ज्या कुत्र्याला परदेशात घर मिळावयाचे, त्यालाही आधी चाळीसगावात घर मिळावे लागते. ते मिळाले नाही, तर परदेशातील दाते कितीही उदार असोत, विमान उडत नाही.

आणि हे घर सात महिने टिकले, तर पुढेही टिकण्यास हरकत काय? चिप, लस, नाव, नोंद, देखभाल या यादीतून विमानाचे तिकीट आणि परदेशासाठीची रक्ततपासणी वगळली, तर उरलेला खर्च कारकुनाच्या वा शिक्षकाच्या पगाराला न पेलणारा नाही. जो प्रश्न लाखांच्या भाषेत बोलला जातो, तो दारात सोडविल्यास शेकड्यांत सुटतो. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख मोकाट कुत्री मोजली गेली. त्यांपैकी महाराष्ट्रात सुमारे पावणेतेरा लाख होती. परदेशी गेलेल्या कुत्र्यांची संख्या या महासागरात थेंबाएवढीही नाही. शिवाय ज्या देशांकडे आपण आशेने पाहावे, तेथील निवारेही ओसंडून वाहत आहेत. अमेरिकेत निवाऱ्यांत आलेल्या लाखो कुत्र्यांना दरवर्षी सुई टोचून कायमचे झोपविले जाते. तेव्हा परदेशी पाठवणी हा एका जीवाचा भाग्योदय असू शकेल. गावाच्या प्रश्नाचे उत्तर तो असू शकत नाही.

हंगामी माया

परदेशी पाहुण्यांची भूतदया आणि गावकऱ्यांची जबाबदारी यांचा संबंध कसा असावा, याचा धडा शेजारच्या गोव्याने दिला आहे. तेथील किनाऱ्यांवर हिवाळ्यात पर्यटकांची गर्दी होते. शॅकमधील उष्ट्यावर आणि पाहुण्यांच्या मायेवर कुत्री पोसली जातात. पावसाळा तोंडावर आला की शॅक मोडतात, पाहुणे परततात, आणि हंगामभर पोसलेली तीच कुत्री ओस किनाऱ्यावर उपाशी राहतात. पाहुण्यांपैकी काहींनी आपला लाडका सोबती स्वदेशी नेला, हे खरे. परंतु बाकीच्यांचे काय?

या प्रश्नाचे उत्तर माया वाढवून मिळाले नाही, काम वाढवून मिळाले. ‘मिशन रेबीज’ या संस्थेने गोवा शासनाच्या साहाय्याने गावोगाव फिरून कुत्र्यांना लस टोचण्याची मोहीम घेतली. दरवर्षी सुमारे ९५ हजार कुत्र्यांना, म्हणजे एकूण संख्येच्या सुमारे ७० टक्क्यांना लस दिली गेली. शाळाशाळांतून मुलांना कुत्र्याशी कसे वागावे, चावल्यास काय करावे, हे शिकविले गेले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय अहवालानुसार कुत्र्यांमधील रेबीज ९२ टक्क्यांनी घटला. २०२१ साली गोवा शासनाने राज्य ‘रेबीज-नियंत्रित’ घोषित केले. या मोहिमेत परदेशी पैसा होता, परदेशी स्वयंसेवक होते; पण लस टोचली गेली ती गोव्याच्या कुत्र्याला गोव्यातच, आणि मोहिमेनंतर ते कुत्रे आपल्याच वाड्यावर राहिले. परक्याची मदत घेण्याची ही रीत अधिक शहाणपणाची म्हटली पाहिजे.

आपली परंपरा आणि तिची मर्यादा

कुत्र्यासाठी घास काढून ठेवणे ही आपल्या संस्कृतीतील जुनी गोष्ट आहे. गोग्रास आणि काकबली यांच्याबरोबर श्वानबलीही सांगितलेला आहे. यमाच्या श्याम आणि शबल या दोन कुत्र्यांचे स्मरण त्यात आहे. महाभारताच्या आरंभीच्या कथांत जनमेजयाच्या यज्ञमंडपात आलेल्या कुत्र्याला राजाचे भाऊ निष्कारण मारतात. त्याची आई सरमा येऊन जाब विचारते, ‘माझ्या मुलाने हविर्द्रव्याला तोंड लावले नाही, त्याकडे पाहिलेही नाही, मग त्याला का मारले?’ कोणी उत्तर देत नाही, आणि ती शाप देते. महाभारताच्या अखेरीस धर्मराजाचा कुत्रा आणि आरंभी सरमेचा जाब, असा हा योग विचार करावयास लावणारा आहे. निरपराध्याला मारू नये आणि आश्रिताला टाकू नये, ही दोन्ही सूत्रे आपल्याच ग्रंथांत आहेत.

आधुनिक काळातही हा प्रश्न पेटलेला आहे. १८३२ च्या जूनमध्ये मुंबईत सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम चालविली. मारलेल्या कुत्र्यामागे इनाम असल्याने शिपाई घराजवळची कुत्रीही ओढून नेऊ लागले. तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, बाजार बंद पडले, फौज बोलवावी लागली. त्यानंतर काही वर्षांतच सर जमशेटजी जीजीभॉय आदींच्या दातृत्वातून मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. प्राण्यासाठी शहर बंद पाडणारी ही परंपरा क्षुल्लक नाही.

परंतु तिची एक मर्यादाही मान्य केली पाहिजे. आपली भूतदया घासापाशी थांबते. भाकरीचा तुकडा टाकणारे हात गल्लीत दहा असतात. त्याच कुत्र्याला लस टोचावयास नेणारा हात शोधावा लागतो. कुत्री व्याली की पिलांना दूध देणारी मुले असतात. पुढच्या वर्षी ती पुन्हा व्यायला नको म्हणून शस्त्रक्रियेची चौकशी करणारे मोठे माणूस नसते. गल्लीचे कुत्रे सर्वांचे असते, आणि सर्वांचे जे असते त्याची जबाबदारी बहुधा कोणाचीच नसते. घास देणाऱ्याला पुण्य लाभते. चावा घेतला की मात्र ते कुत्रे ‘नगरपालिकेचे’ होते. परदेशी नेल्या जाणाऱ्या कुत्र्याची गोष्ट येथेच निराळी आहे. त्याच्या क्रमांकापुढे एका माणसाचे नाव लिहिलेले असते. त्याने कोणाला चावले, ते आजारी पडले, ते हरवले, तर जाब द्यावयास एक माणूस बांधलेला असतो. घर या शब्दाचा अर्थ छप्पर एवढाच नाही. तो हा आहे.

टाकून देणाऱ्यांचे काय?

मोकाट कुत्र्यांची चर्चा करताना एक गोष्ट हटकून राहून जाते. रस्त्यावरची सगळीच कुत्री रस्त्यावर जन्मलेली नसतात. काही हौसेने आणलेली आणि मग सोडून दिलेली असतात. बदली झाली, घरमालकाने हरकत घेतली, बाळ झाले, कुत्रे म्हातारे झाले, औषधाचा खर्च वाढला, अशी कारणे असतात. थंड प्रदेशातील दाट केसांचा हस्की वा सेंट बर्नार्ड खानदेशच्या उन्हाळ्यात काय भोगत असेल, याचा विचार विकत घेताना होत नाही. व्यापारी पैदाशीसाठी परदेशांतून कुत्री आणण्यास केंद्र शासनाने २०१६ साली मनाई केली. पण तोपर्यंत त्या जाती येथे रुजल्या होत्या आणि हौस तर कधीच रुजली होती. मार्च २०२४ मध्ये तेवीस जातींवर बंदी सुचविणारे पत्र केंद्राने राज्यांना धाडले. ते पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द ठरविले. अशा प्रत्येक घबराटीत मालकाला कुत्र्याचे ओझे वाटू लागते आणि आडरस्ता जवळचा वाटतो.

प्राणी टाकून देणे हा गुन्हा आहे, हे पुष्कळांच्या गावीही नसते. प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० यानुसार भूक वा तहान यांनी प्राण्याला यातना होतील अशा स्थितीत त्याला विनाकारण सोडून देणे शिक्षापात्र आहे. पहिल्या गुन्ह्याची शिक्षा मात्र कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ५० रुपये दंड! साडेसहा दशकांत हा आकडा बदललेला नाही. ज्या कायद्याचा दंड चहा-फराळाच्या बिलाहून कमी, त्याचा धाक कोणाला वाटावा?

कुत्र्याच्या बाजूने पाहिले तर चित्र अधिक करुण दिसते. मालक मेला की टाकून गेला, हा भेद त्याला कळत नाही. ते वाट पाहते. टोकियोच्या शिबुया स्थानकावर हाचिको नावाचे कुत्रे १९२५ साली मालक निवर्तल्यानंतर जवळजवळ दहा वर्षे रोज त्याची वाट पाहत राहिले. १९३५ च्या मार्चमध्ये ते मेले, तोवर स्थानकासमोर त्याचा पुतळाही उभा राहिला होता. वाट पाहणे म्हणजे काय, हे चाळीसगावकरांना निराळे सांगावयास नको. कलामहर्षी केकी मूस यांनी याच स्थानकाजवळच्या घरात पंजाब मेलच्या वेळेस कोणाची तरी वाट पाहत अवघे आयुष्य घालविले, असे जुने लोक सांगतात. माणसाच्या प्रतीक्षेची कथा होते. स्थानकावर उतरवून दिलेल्या कुत्र्याच्या प्रतीक्षेला कोणी साक्षीदारही नसतो.

सरकारी दप्तरातही त्याला जागा नाही. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी घाटमाथ्यावरील अतिवृष्टीने तितूर आणि डोंगरी या नद्यांना पूर आला. चाळीसगाव शहर आणि तालुक्यातील गावांत पाणी शिरले. शेकडो जनावरे वाहून गेली. नैसर्गिक आपत्तीच्या पंचनाम्यात दुभत्या जनावरांची, ओढकामाच्या बैलांची, शेळ्यामेंढ्यांची, कोंबड्यांचीही नोंद होते. कारण त्यांची भरपाई मिळते. कुत्र्याचा रकाना नसतो. त्याची किंमत रुपयांत नाही, म्हणून त्याचा जीव गणतीत नाही. शेताची राखण करणारे, मेंढपाळाच्या वाड्याभोवती रात्र जागविणारे, तांड्याच्या वेशीवर भुंकणारे हे जनावर कामाला आहे. हिशेबाला मात्र नाही.

न्यायालयाचा आदेश आणि गावाची कसोटी

हा विषय केवळ भावनेचा राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्ट रोजी त्यात बदल करून, निर्बीजीकरण व लसीकरणानंतर रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्री वगळता इतरांना मूळ जागी सोडावे, असे सांगितले. ज्यांना कुत्री दत्तक घ्यावयाची असतील त्यांनी अर्ज करावेत, मात्र दत्तक घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्यांचीच राहील, असेही त्याच आदेशात होते. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी न्यायालयाने आणखी पुढे जाऊन देशभरातील शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्री हटवून निवाऱ्यांत न्यावीत आणि तेथे परत सोडू नयेत, असे फर्माविले.

या आदेशांमागील चिंता रास्त आहे. भारतात रेबीजने दरवर्षी सुमारे १८ ते २० हजार माणसे मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. जगातील अशा मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक ते भरतात. मरणारे बहुधा गरीब असतात, आणि त्यांत मुले फार असतात. पहाटे शिकवणीला जाणारा विद्यार्थी, रात्रपाळी करून परतणारा रेल्वे कामगार, अनवाणी खेळणारे पोर यांना मोटारीची काच नसते. तेव्हा ‘माणसांनाच घरे नाहीत, कुत्र्यांची कसली चिंता’ हा नेहमीचा आक्षेप येथे उलटा पडतो. बिनमालकाच्या, बिनलशीच्या कुत्र्याची किंमत सर्वांत आधी बिनघराचा माणूसच चुकवतो.

पण प्रश्न असा की, निवारे आहेत कोठे? महानगरांतही ते अपुरे आहेत. तालुक्याच्या बहुतेक गावांत त्यांचे नावही नाही. फलाटावरून हटविलेले कुत्रे न्यावयाचे कोठे, याचे उत्तर कागदावर मिळत नसेल, तर ते रात्री ट्रकमध्ये भरून दुसऱ्या गावच्या शिवारात सोडण्याचा मोह यंत्रणेला होतो. मग तेथील गावकरी त्रस्त होतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत नवी, बिनलशीची कुत्री येतात. प्रश्न सुटत नाही, केवळ त्याचा पत्ता बदलतो. २००१ च्या आणि नंतर २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी स्थानिक स्वराज्य संस्थांवर निर्बीजीकरण व लसीकरण यांची जबाबदारी टाकली, ती याच अनुभवामुळे.

करता येण्याजोगे

अशा वेळी चाळीसगावसारख्या गावात काय करता येईल? फार मोठ्या योजनेची गरज नाही. एका वहीची आहे. प्रत्येक प्रभागातील कुत्री मोजून त्या वहीत उतरवावीत. रंग, नर की मादी, अंदाजे वय, लस टोचल्याची तारीख, शस्त्रक्रिया झाली की नाही, आणि शेवटच्या रकान्यात त्याची काळजी घेणाऱ्या माणसाचे नाव. हा शेवटचा रकाना भरणे हेच खरे काम. फलाटावरील दहा कुत्र्यांपैकी चारांच्या नावापुढे गावातील चार कुटुंबांची नावे लागली, तर निवाऱ्यात जागा लागेल ती सहांचीच. नगरपरिषदेचा कारकून, पशुवैद्यकीय दवाखाना आणि महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी यांनी मनावर घेतल्यास ही वही एका सत्रात तयार होऊ शकेल.

शिक्षकांकडे याहून महत्त्वाचे काम आहे. कुत्रे चावल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, मिरची वा हळद लावू नये, त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी आणि लसीच्या सर्व मात्रा पुऱ्या कराव्यात, एवढे चार धडे प्रत्येक वर्गात दिले गेले, तर काही जीव निश्चित वाचतील. लुई पाश्चर यांच्या स्मृतिदिनी, २८ सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिन पाळला जातो. १८८५ साली त्यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचून वाचविले, ही गोष्ट सांगण्यास त्याहून योग्य दिवस कोणता?

आणि ज्या घरात कुत्रे आणावयाचे आहे, त्यांनी बाजाराकडे जाण्यापूर्वी दाराकडे पाहावे. आपले देशी कुत्रे खानदेशच्या बेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हाला सरावलेले आहे. त्याला खास खाद्य लागत नाही, त्याला खास हवा लागत नाही. नेदरलँड्समधील घराला वाराणसीची जया चालते, आणि वाराणसीच्या वा चाळीसगावच्या घराला हस्कीच हवा असतो, हा विरोधाभास आपण तपासून पाहिला पाहिजे. परक्याने उचलल्यावरच आपल्या वस्तूचे मोल कळावे, ही आपली सवय कुत्र्यांपुरतीच नाही; पण निदान येथे ती मोडणे सोपे आहे.

घरात घेणाऱ्यानेही एक हिशेब आधी मांडावा. कुत्रे दहा-बारा वर्षे जगते. या मुदतीत बदली होईल, मुलांची लग्ने होतील, आजारपणे येतील. एवढ्या काळाची हमी देता येत नसेल, तर घेऊ नये. न घेण्यात क्रूरता नाही. घेऊन टाकण्यात आहे. ज्यांना घरी ठेवणे शक्य नाही, त्यांनी गल्लीतील एका कुत्र्याची लस आणि शस्त्रक्रिया आपल्या शिरावर घ्यावी. वर्षातून एका दिवसाचे ते काम आहे.

परदेशी जाणाऱ्या एखाद्या कुत्र्याची बातमी यापुढेही येईल, आणि यावी. ती वाचताना विमानाच्या पायऱ्यांचे कौतुक करण्यापेक्षा त्या पायऱ्यांपर्यंत त्याला सांभाळणाऱ्या माणसाचा शोध घ्यावा. तो माणूस बहुधा परदेशी नसतो. तो त्याच गल्लीतला, पगार बेताचा असलेला, सकाळी दवाखान्याच्या रांगेत कुत्र्याची दोरी धरून उभा असलेला कोणी तरी असतो. अशी माणसे गावात जितकी वाढतील, तितकी फलाटावरील कुत्री कमी होतील; त्यांना हटविण्यासाठी आदेशाची वाट पाहावी लागणार नाही.